चिऊची अकरावी आणि माझी हजेरी

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबद्दल या पृथ्वीतलावर कुणाला काही विचारायचं असेल, तर त्याने सांगलीला यावं आणि मला विचारावं, असं माझं प्रामाणिक मत होतं. उभी हयात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवण्यात गेली. एखादा मुलगा ‘सर, पोट दुखतंय’ म्हणाला, की ते पोट कुठल्या थिएटरात, कितीच्या खेळाला दुखणार आहे हे मी छातीठोकपणे सांगत असे. त्यामुळे सिएटलहून चिरंजीवांचा फोन आला आणि नातीविषयी ते म्हणाले, “अण्णा, चिऊ या वर्षी अकरावीतच कॉलेजला जाणार आहे,” तेव्हा मी विचारलं, “मग? सांगलीतली कुठे जातात?”

“तसं नाही हो, अण्णा.”

“कसं नाही? १९७५ साली नव्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हापासून महाराष्ट्रातली पोरं अकरावीला कॉलेजातच जातात. तुमच्या अमेरिकेला हे आत्ता सुचलं?”

मुलाने फोनवर एक सुस्कारा टाकला. तो सुस्कारा मी ओळखतो. वर्गात ‘कळलं का?’ असं चौथ्यांदा विचारण्याआधी मी तोच टाकायचो. मग त्याने समजावून सांगितलं. आपल्याकडे शाळेचाच पुढचा अभ्यासक्रम कॉलेजच्या इमारतीत शिकवतात. तिथे शाळेतली मुलगी खरोखरच पदवीच्या पहिल्या वर्षाचा विषय घेते, पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर बसते, त्यांचाच पेपर लिहिते. पास झाली की त्या एका विषयाचे क्रेडिट शाळेतही जमा होतात आणि कॉलेजातही.

“म्हणजे एकाच लग्नात दोन्हीकडून आहेर,” स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली. एवढ्या कमी शब्दांत ही योजना नंतर मला कुणीच सांगितली नाही.

पण मी इतक्या सहज हार मानणारा नव्हे. दुहेरी नोंदणीचा शोध आमच्याकडे कधीच लागलाय. मुलाचं नाव ज्युनिअर कॉलेजच्या पटावर आणि मूल जेईई-नीटच्या क्लासमध्ये. याला आमच्याकडे ‘इंटिग्रेटेड’ असं भारदस्त नाव आहे. शेवटची काही वर्षं मी फक्त पटावरच्या नावांनाच शिकवलं. फळ्याकडून वळून पाहावं, तर पहिल्या बाकावर एक प्रामाणिक मुलगी, शेवटच्या बाकावर पावसात अडकलेले दोघे, आणि मध्ये सगळे बाक मोकळे. पाऊस थांबला की त्या दोघांचाही प्रकाशाच्या अपवर्तनातला रस संपत असे. तेव्हा नोंदणी एकीकडे आणि विद्यार्थी दुसरीकडे या शास्त्रातला जुना जाणकार म्हणून माझी तिथे नितांत गरज आहे, असं मी ठरवलं. व्हिसाच्या अर्जात ‘कुटुंबाला भेट’ असं लिहिलं. मनात मात्र ‘शैक्षणिक तपासणी’ असं होतं.

सप्टेंबरात आम्ही दोघं पोहोचलो आणि झोपेचं गणित जमायच्या आत मी योजनेची माहितीपुस्तिका वाचून काढली. शाळकरी मुलांना राज्यभर कॉलेजचे दरवाजे उघडून देण्याचा पहिला मान मिनेसोटाचा, १९८५ सालचा. वॉशिंग्टन राज्याने १९९०मध्ये कायदा केला आणि योजनेचं नाव ठेवलं ‘रनिंग स्टार्ट’. अकरावी-बारावीच्या मुलांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जावं, शिक्षणशुल्क माफ. पुस्तकं, किरकोळ फिया आणि जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने करावा. ज्यांना शाळा सोडून जायचं नाही, त्यांच्यासाठी शाळेतल्याच शिक्षकाने शाळेतच कॉलेजचा विषय शिकवण्याची सोयही आहे. राज्य सरकार विद्यार्थ्यामागे जे पैसे देतं ते आधी शाळेच्या जिल्ह्याकडे येतात. जिल्हा त्यातले सात टक्के ठेवून उरलेले कॉलेजकडे पाठवतो. शंभरातले सात ठेवून त्र्याण्णव पुढे सरकवणारं खातं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. दोनदा वाचलं. आकडे उलटे छापले नव्हते.

खरा धक्का पुढे होता. कॉलेजचा एक विषय पाच क्रेडिटचा आणि ते पाच क्रेडिट म्हणजे शाळेतला अख्ख्या वर्षाचा विषय! आणि कॉलेजचं सत्र किती? जेमतेम अकरा आठवडे. अकरा आठवड्यांत वर्षाचा पोर्शन! मी नुसतं ‘एककं आणि मोजमाप’ हे प्रकरण गणपतीपर्यंत पुरवत असे.

सूनबाईंचं गणित वेगळं होतं. नव्वद क्रेडिट जमले की दोन वर्षांची असोसिएट पदवी. ती घेऊन राज्याच्या विद्यापीठात गेलं की एकदम तिसरं वर्ष. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये राज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाचं शिक्षणशुल्कच साधारण १३ हजार डॉलर. मी मनातल्या मनात दोन वर्षांचे रुपये केले आणि पाणी मागितलं.

“पण यात एक मेख आहे, अण्णा,” सूनबाई म्हणाल्या. “कॉलेजात पडलेली ग्रेड कायमची. पुढे डॉक्टर व्हायला निघाली तरी सोळाव्या वर्षीचा तो कागद काढून दाखवावा लागतो. शिवाय नावाजलेली खासगी विद्यापीठं हे क्रेडिट घेतीलच असं नाही.”

तिथल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत याच विषयावर दोन तट पडलेले पाहिले. एक तट ‘एपी’वाल्यांचा. म्हणजे शाळेतच वरच्या पातळीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात एक परीक्षा द्यायची. एक ते पाच गुण मिळतात, कमी पडले तर बहुतेक ठिकाणी ते दाखवले नाहीत तरी चालतं. दुसरा तट रनिंग स्टार्टवाल्यांचा. मसालेभाताच्या पातेल्यापासून श्रीखंडापर्यंत दोन्हीकडून एकेका मुलाचे दाखले फेकले जात होते. ‘अमक्याच्या मुलीला इतके क्रेडिट’, ‘तमक्याचा मुलगा सरळ तिसऱ्या वर्षाला’. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. महासागर ओलांडला तरी शेजारच्या मुलाचे मार्क पानात वाढल्याशिवाय आपल्याला जेवण जात नाही.

चिऊने मधला रस्ता काढला होता. सकाळी शाळेत दोन-तीन विषय आणि ऑर्केस्ट्रातलं व्हायोलिन. दुपारी बसने कॉलेज, तिथे इंग्रजी आणि मानसशास्त्र. बसमध्ये मी सोबत करायची, असं मी जाहीर केलं. कुणी विरोध केला नाही म्हणजे संमती, हा शिक्षकी पेशातला जुना नियम आहे. वॉशिंग्टनमध्ये २०२२पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट. त्यामुळे जिची सोबत करायची ती कार्ड दाखवून मोकळी, आणि सोबत करणारा सुट्ट्या डॉलरांसाठी खिसे चाचपतोय, असा आमचा प्रवास सुरू झाला.

कॉलेजचं नाव सांगत नाही. सिएटलच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात ते आहे, एवढं पुरे. पहिल्या दिवशी चिऊ म्हणाली, “आजोबा, तुम्ही कॅफेटेरियात बसा.” मी ‘बरं’ म्हटलं आणि तिच्या मागोमाग वर्गात गेलो. पाहणी करून लगेच बाहेर पडायचं, असा विचार होता. पण वर्ग पाहिला आणि पाय निघेना. दातांना तारा लावलेली चिऊच्या वयाची पोरं होती. हातभर गोंदवलेला एक तरुण होता. रात्रपाळी संपवून तशीच आलेली, दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतली एक बाई होती. आणि खिडकीशी माझ्याच वयाचे, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ वही उघडून बसले होते. त्यांना पाहून मला धीर आला. मीही एक खुर्ची ओढली.

तेवढ्यात हातात पाण्याची बाटली आणि पायात धावण्याचे बूट अशा प्राध्यापिका आल्या. मी उभा राहिलो. उभा राहिलेला वर्गात मी एकटाच. त्यांना वाटलं मला काही विचारायचंय.

“येस?”

“गुड आफ्टरनून, मॅडम.”

त्या हसल्या आणि म्हणाल्या, मॅडम वगैरे नको, मला नुसत्या नावाने हाक मारा. माझ्या तोंडून ते नाव काही बाहेर पडेना. शेवटी मी नावापुढे ‘बाई’ लावून पाहिलं. त्यांना ते आडनाव वाटलं असावं.

मग त्यांनी सर्वांना अभ्यासक्रमाचं पत्रक वाटलं. हा विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातला करारच आहे, असं म्हणाल्या. दर आठवड्याला चाचणी, दोन निबंध, एक गटप्रकल्प. परीक्षेचा एकच मोठा डोंगर नाही, रोजची चढण. काम उशिरा दिलं तर दर दिवसाला गुण कापणार, सबब कुठलीही असो. अडचण असेल तर भेटीच्या ठरलेल्या वेळेत विद्यार्थ्याने स्वतः यायचं. मी पत्रक पुढून-मागून पाहिलं. ‘पालकांची सही’ अशी ओळ कुठे सापडली नाही. हजेरीपटही दिसला नाही. बाईंकडून गडबडीत राहून गेलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी म्हणून मी हात वर केला. पण त्यांचा समज झाला की मला ओळख करून देण्याच्या खेळात पहिला नंबर हवाय.

खेळ असा, की प्रत्येकाने आपल्याविषयी कुणाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगायची. माझ्याविषयी त्या वर्गात कुणालाच काही माहीत नसल्याने विषय पुष्कळ होते. मी सांगलीपासून सुरुवात केली. हळदीची पेठ, १९२९ साली कृष्णेवर झालेला आयर्विन पूल, तिथून फिजिक्स. लंबकाच्या प्रयोगाशी आलो तेव्हा प्राध्यापिकेने हातातली यादी पाहिली आणि अतिशय सौजन्याने विचारलं, “तुमचं नाव मला यात दिसत नाही?”

“मी पालक आहे.”

त्या वर्गात तो शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. सगळ्या माना वळल्या.

“कुणाचे?”

मी अभिमानाने बाजूच्या खुर्चीकडे बोट केलं. खुर्ची रिकामी होती. चिऊ केव्हाच दोन रांगा ओलांडून त्या निळ्या कपड्यांतल्या बाईंच्या पलीकडे जाऊन बसली होती आणि पत्रक असं एकाग्रतेने वाचत होती की मला तिचा अभिमानच वाटला.

प्राध्यापिकेने मला दारापर्यंत सोडलं. म्हणाल्या, राज्यातल्या साठीपुढच्या रहिवाशांना जागा शिल्लक असेल तर नाममात्र शुल्कात वर्गात नुसतं बसता येतं. तुम्ही चौकशी करा. मी चौकशी केली. साठी मी ओलांडली होती. रहिवासी मात्र नव्हतो. पासपोर्टावर पाहुण्याचा शिक्का. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दाराच्या काचेतून माझ्याकडे पाहत होते. सैन्यातून निवृत्त होऊन पदवीला बसलेले, असं मागून कळलं. त्यांची ओळख ऐकायची राहिली, कारण माझीच संपली नव्हती.

परतीच्या बसमध्ये चिऊ घराचा थांबा येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, “आजोबा, डोंट माइंड हं. पण कॉलेजात मी तुम्हाला ओळखत नाही.”

तहात असं ठरलं, की मी लायब्ररीपर्यंत यायचं, पुढे नाही. हा तह मला सोयीचाच होता. कारण मानसशास्त्राचं नवंकोरं पुस्तक दीडशे डॉलरच्या आसपास होतं आणि लायब्ररीत त्याची एक राखीव प्रत काउंटरवर मिळत होती. दोन तासांसाठी, विद्यार्थ्याच्या कार्डावर, आणि इमारतीबाहेर न्यायची नाही. चिऊ म्हणाली, ई-बुक भाड्याने स्वस्तात मिळतं. मी म्हटलं, पडद्यावरचं डोक्यात राहत नाही. तू कार्डावर प्रत काढून माझ्याकडे दे आणि वर्गाला जा. महत्त्वाचं तेवढं मी हाताने उतरवून देतो. आमच्या पिढीने हॅलिडे-रेस्निकची पानंच्या पानं वहीत उतरवून डिग्र्या मिळवल्यात.

ती ‘बरं’ म्हणाली. ही माझीच सवय रक्तातून आलेली. मी लिहिलेल्या नोट्स तिने कधी उघडल्याचं मला आठवत नाही, पण माझं मानसशास्त्र मात्र झपाट्याने सुधारू लागलं. पाव्हलॉवचा कुत्रा झाला. स्किनरची कबुतरं झाली. मग स्मरणशक्तीचं प्रकरण आलं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि आपण त्या किती वेगाने विसरतो याची मोजदाद करून १८८५ साली छापली. पहिल्या काही तासांतच बराचसा ऐवज गळून जातो, मग गळती मंदावते. मी थरारलो. म्हणजे मी सांगलीत आयुष्यभर हाच प्रयोग करत होतो, फक्त माणसं बदलून! त्या वक्ररेषेची आकृती वहीत सुबक काढली, रंगीत पेन्सिलीने छायांकित केली, बाहेर अंधारलेलं पाहून गडबडीने सामान पिशवीत भरलं आणि बस पकडली.

रात्री थालीपिठाचा डबा धुवायला काढताना हिने पिशवीतून पुस्तकही काढलं. “हे कुणाचं?”

मध्ये शनिवार-रविवार आला. सोमवारी मी ते लायब्ररीच्या बाहेरच्या भिंतीतल्या फटीतून आत सोडलं आणि विषय मिटला. सांगलीच्या वाचनालयात पुस्तक उशिरा दिलं की ग्रंथपाल चष्म्यावरून बघत. ते एक दिव्यच असे. इथल्या पेटीला चष्मा नव्हता. अमेरिका पुढे का गेली, ते मला तेव्हा कळलं.

चिऊचं नेमकं कसं चाललंय हे मात्र कळेना. घरी विचारलं की ‘फाइन’. हा शब्द इथली मुलं ‘उत्तम’पासून ‘बुडालो’पर्यंत कुठल्याही अर्थी वापरतात. शेवटी मी मार्ग काढला आणि प्राध्यापिकाबाईंना ईमेल लिहिलं. ‘रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट’ इथपासून सुरुवात करून नातीची प्रगती, वर्तणूक आणि वर्गातला क्रमांक कळवावा, अशी विनंती केली. मजकूर मला स्वतःलाच आवडला, म्हणून एक प्रत चिरंजीवांना पाठवली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मधाळ आणि अभेद्य. १९७४च्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्याला इथे सगळे ‘फर्पा’ म्हणतात, मुलगा अठरा वर्षांचा झाला किंवा वय काहीही असताना कॉलेजात दाखल झाला, की त्याच्या कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून निघून त्याच्याकडे जातो. त्यामुळे आपण विचारलेली विद्यार्थिनी माझ्या वर्गात आहे की नाही, हेही मी सांगू शकत नाही. आपला दिवस आनंदात जावो.

माझा दिवस आनंदात गेला नाही. ‘माझ्या वर्गात आहे की नाही’! अहो, मी स्वतः पाहिलीय तिला, निळ्या कपड्यांच्या पलीकडे!

चिरंजीव हसत सुटले. “अण्णा, मीसुद्धा फार तर तिच्या शाळेला विचारू शकतो. शेवटी ग्रेड शाळेत येते, तिथे आम्ही अजून पालक आहोत. कॉलेजपुरते नाही.”

म्हणजे एकच मुलगी सकाळी शाळेत अज्ञान आणि दुपारी कॉलेजात सज्ञान. मधल्या बसमध्ये ती कोण असते, हे कायद्यात नसावं. आणि इकडे मी! आमच्या पालकसभेत मी सोळा वर्षांच्या पोरांना बापाशेजारी उभं करून माइकवरून मार्क वाचत असे. शंभरपैकी अकरा पडलेल्याचे तर दोनदा वाचत असे, मागच्या रांगेसाठी. अमेरिकेत असतो तर निवृत्तिवेतन कुठल्या तुरुंगाच्या पत्त्यावर आलं असतं कोण जाणे.

नोव्हेंबरात पुढच्या सत्राच्या नोंदणीचे दिवस आले. शाळेतल्या समुपदेशकाची सही घेतलेला फॉर्म तयार, विषय ठरलेले, आणि चिऊ लॅपटॉपसमोर कपाळाला आठ्या घालून बसलेली. “होल्ड आलाय.”

नोंदणी अडली होती. का, ते पडद्यावर लिहिलेलं नव्हतं. कार्यालयात चौकशी करा, इतकंच. घरात खळबळ उडाली. सूनबाईंना वाटलं, ग्रेड घसरली असणार. मुलाला वाटलं, फॉर्म चुकला असणार. मला काय वाटलं ते मी जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून सांगितलं. ही कारकुनी मग्रुरी आहे. अशा मग्रुरीशी मी आयुष्यभर लढलोय. बोर्डाच्या कोल्हापूर कार्यालयातून मी एका मुलाची अडकलेली गुणपत्रिका त्याच दिवशी आणली होती. उद्या मी येतो.

दुसऱ्या दिवशी चिऊ वर्गात असताना मी एकटाच काउंटरवर गेलो. समोर गुलाबी केसांचा एक मुलगा. त्याला मी सगळं सांगितलं. मुलीची हुशारी, व्हायोलिन, घरातलं वातावरण, माझी सेवा. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मला समजतंय, सर. पण मी काहीच सांगू शकत नाही.”

“निदान कुणाची चूक आहे एवढं सांग!”

“तेही नाही, सर.”

“चूक तुमच्याकडच्या कुणाची असली तर?”

तो क्षणभर थांबला. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. “सॉरी, सर.” त्याचा चेहरा असा का झाला, ते मला तेव्हा कळलं नाही. मी त्याला सुनावलं, की जिथे चूक करणारा लपून राहतो आणि शिक्षा एका निष्पाप मुलीला होते, तिथे शिक्षण होत नसतं. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, एक उपाय आहे. विद्यार्थिनीने स्वतः येऊन संमतिपत्रावर सही केली, की मी तुमच्याशी बोलू शकतो.

मी वर्गाबाहेर जाऊन उभा राहिलो. तह मोडला होता, पण युद्धात तसं चालतं. चिऊ बाहेर आली, तिने कारण ऐकलं, एकदा वर आढ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने चालू लागली. काउंटरवर फॉर्म भरला, सही केली, माझं नाव घातलं, नातं ‘आजोबा’. छाती भरून आली. अमेरिकन सरकारच्या कायद्याने मला आता काहीतरी कळण्याचा अधिकार होता.

फॉर्ममध्ये चौकटी होत्या. ग्रेड. हजेरी. वर्तणूक. शुल्क आणि थकबाकी. तिने टिक फक्त शेवटच्या चौकटीत केली होती.

“बाकीचं राहिलं वाटतं, चिऊ.”

“नाही राहिलं, आजोबा.”

गुलाबी केसांच्या मुलाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. मी चष्मा लावला. ‘राखीव ग्रंथ. सामान्य मानसशास्त्र. दोन तासांची मुदत. परत आल्याची तारीख: सोमवार. विलंबशुल्क दर तासाप्रमाणे, एकूण 25 डॉलर. आठवणीची ईमेल पाठवली आहेत.’

“तुला ईमेल आली होती?” मी चिऊला विचारलं.

“कॉलेजचं ईमेल मी बघते कुठे?” ती म्हणाली. मग पडद्यावरची तारीख तिने नीट वाचली, आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. “आजोबा, लेट वर्कला इथे सबब चालत नाही.”

टाळ्या वाजवणारे दोघे अजून रांगेतच होते. मी पैसे भरले, रोख, आवाज न करता. पावती चिऊच्या नावाने निघाली. होल्ड तिथल्या तिथे उठला. पडदा अजून माझ्याकडेच वळलेला होता, म्हणून जाता जाता मी सहज म्हटलं, “आलोच आहे तर तेवढे मानसशास्त्राचे मार्क...” त्या मुलाने संमतिपत्र पाहिलं, चौकट पाहिली आणि पडदा शांतपणे परत फिरवून घेतला.

डिसेंबरात सत्र संपलं. चिऊची ग्रेड आली. ती चिऊने पाहिली. शाळेमार्फत तिच्या आईबापांनाही कधीतरी कळली असावी, कारण एका रविवारी घरात अकारण बासुंदी झाली. मला कुणी काही बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. कायदा पाळायचा म्हटल्यावर बासुंदीवरून अनुमान काढणंही बरं नव्हे.

अडचण सांगलीची होती. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर मी निघण्यापूर्वीच या योजनेवर दोन व्याख्यानं झोडून आलो होतो. तिकडून व्हॉट्सअॅपवर विचारणा आली: ‘सर, नातीचा निकाल काय?’

मी बराच विचार करून, एकही शब्द खोटा नाही असं उत्तर टाकलं: ‘निकाल लागला. मार्क कायद्याने सांगता येत नाहीत.’

कट्ट्यावर सगळे निवृत्त शिक्षक. कुणाचे मार्क कधी सांगत नाहीत, हे त्यांना मी समजावायची गरज नव्हती. रात्री सूनबाईंना सांत्वनाचे फोन सुरू झाले. एकाने मुलीला रागावू नका म्हणून बजावलं. एकाने नवस सुचवला. आणि आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी खास मला फोनवर बोलावून घेतलं. आवाज दाटलेला होता.

“सर, खचू नका,” ते म्हणाले. “नाहीच जमलं, तर पोरीला इकडे आणा. आपल्याकडे जुलैत पुन्हा परीक्षा असते.”